पुढे सरकवलेला ट्रे

चर्चमध्ये बाकांवरून फिरत प्रभुभोजनाचा ट्रे सलोमीच्या हातात आला. द्राक्षरसाचे बोटभर पेले होते, प्रत्येकात एकच घोट. मनात पाप असेल तर तो घेऊ नये, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आणि कालच क्वायरच्या सरावाला जाते म्हणून आईला थाप मारून ती कॉलेजातल्या आमोसबरोबर धरणावर फिरून आली होती. तिनं पेला न उचलताच ट्रे पुढे दिला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली.

शेजारी आई होती. तिनं लेकीकडे पाहिलं, पेल्याकडे नेलेला हात मागे घेतला आणि ट्रे तसाच पुढे सरकवला.

चर्च सुटल्यावर चिंचेखाली सलोमीनं सगळं सांगून टाकलं. आई रागावली नाही.

“पण तू का नाही घेतलंस?” सलोमीनं भीतभीत विचारलं.

“तुझ्याएवढी असताना मीही माझ्या आईला अशीच थाप मारून तुझ्या पप्पांना भेटायला गेले होते. दुसऱ्या दिवशी पेला मात्र खुशाल घेतला. आज तुझ्यामुळे आठवलं.”

आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला, मग पायात चप्पल सरकवली. “चल, आधी आजीकडे जाऊ. माझं सांगायचं राहिलंय.”