प्रत्येकी दहा मिनिटं

"अगं, मायेला वजनकाटा लावू नकोस," आई म्हणाली होती. लेकीनं ते हसण्यावारी नेलं.

ऑफिसात डबा खाताना ती फोनवर पाळणाघरातल्या कॅमेऱ्याचं चित्र बघायची. तिथल्या मावशींच्या मांडीवर सदान्‌कदा तोच, नवीन आलेला गुटगुटीत मुलगा. दोन आठवडे झाले तरी त्याचं भोकाड थांबत नव्हतं. तिची चिमी कोपऱ्यात ठोकळे रचत असायची. तिनं एकदा मोजलंच. त्याला चाळीस मिनिटं, चिमीला नऊ.

"चिमी खेळतेय ना मजेत? मग झालं की!" नवरा म्हणाला.

"मजेचा प्रश्न नाहीये. न्यायाचा आहे."

तिनं संचालिकाबाईंना गाठलं. मुलं सगळी सारखी, तर मांडी एकालाच का? त्यांना पटलं. नियम झाला : प्रत्येक मुलाला मांडीवर दहा मिनिटं. भिंतीवर घड्याळ, त्याखाली तक्ता.

मावशींनी तिला दारातच अडवलं. "ताई, तहान काय सगळ्यांना एकदमच लागते होय?"

"मावशी, नियम सगळ्यांच्या भल्यासाठीच असतो."

मावशींनी आठवडाभर घड्याळ पाळलं. मग एका दुपारी रडत्या पोराला खाली ठेवायला त्यांचे हात धजेनात. त्याच संध्याकाळी त्यांनी काम सोडलं.

नवीन बाई शिस्तीची. तक्त्यात एक खूण चुकायची नाही. चारच दिवसांत तो मुलगा गप्प झाला. "रुळला हो!" संचालिकाबाई म्हणाल्या. तिलाही बरं वाटलं. महिन्याभरात त्याला आणायचं बंद झालं. का, ते तिनं विचारलं नाही.

मंगळवारी फोनच्या पडद्यावर चिमी रडत होती. बाईंनी तिला उचललं, थोपटलं. मग घड्याळाकडे पाहिलं आणि खाली ठेवलं. बरोबर दहा मिनिटं. चिमीनं हात वर केले. बाईंनी पुढचं मूल घेतलं. हात थोडा वेळ तसेच वर राहिले. मग चिमीनं भिंतीकडे तोंड केलं.

ती धावत पोहोचली. संचालिकाबाई हसून म्हणाल्या, "बघा, रडणं थांबलं. एका दिवसात रुळली!"

चिमीचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

तुमचं मूल छान रुळलंय असं कुणी सांगितलं, तर आजच जाऊन बघा. आणि तो गुटगुटीत मुलगा कुठं गप्प बसलेला दिसलाच, तर त्याला आधी उचलून घ्या. घड्याळ न बघता.