पिवळ्यावर पिवळं

"हे तू लिहिलंयस?" नेवेंकाने तक्रारीची प्रत बेपोच्या टेबलावर आपटली. मागे छपाईचं यंत्र धडधडत होतं. बेपोने ते बंद केलं नाही.

त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि कागद सावकाश वाचला. तुंबलेली मोरी मोकळी करायचं जहाल द्रावण, त्याची फिकट पिवळी बाटली, बाटलीवर अर्धं कापलेलं रसरशीत लिंबू. धोक्याची सूचना जवळजवळ त्याच पिवळ्या रंगात, कायद्याला चालेल तेवढ्याच बारीक अक्षरांत. उन्हाळ्यात एका म्हाताऱ्याने ती लिंबाच्या सरबताची बाटली समजून ग्लासात ओतली. जीव वाचला, पण त्याचा आवाज गेला, आणि आता त्याला नळीने भरवावं लागत होतं.

लेबल नेवेंकाच्या नवऱ्याने, सिल्वियोने केलं होतं. तक्रार त्याच्याविरुद्ध होती, डिझायनर संघाच्या शिस्त समितीकडे. खाली सही नव्हती.

"वहिनी, मी छापतो. लिहीत नाही," बेपो म्हणाला.

"लेबल तुझ्याकडेच छापलंय."

"हे, बाजारात गेलेलं. हे दुसरं चित्र मी आज पहिल्यांदा बघतोय." तक्रारीला जोडलेल्या कागदावर त्याने बोट ठेवलं. त्या चित्रात लिंबू नव्हतं. बाटलीच्या मधोमध सूचनेचा जाड लाल पट्टा होता. "तुमच्याकडचा कागद तुमच्याकडूनच बाहेर पडला. मला कशाला विचारता?"

"यापुढे आमचं एक पान तुझ्याकडे यायचं नाही."

"बरं," बेपो म्हणाला आणि यंत्राकडे वळला.

जिना उतरताना नेवेंकाने विचार केला. लाल पट्ट्याचं सिल्वियोचं ते पहिलं चित्र द्रावणाच्या कंपनीने पाहिलं होतं आणि नापसंत केलं होतं. असा पट्टा बघून गिऱ्हाईक बाटली परत फळीवर ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. कंपनी काही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाही. मग उरली यास्ना. पाच वर्षं त्यांच्या स्टुडिओत काम करून वसंतात भांडून निघून गेलेली.

यास्ना बंदरावरच्या कॅफेत भेटली. नेवेंका उभ्याउभ्याच बोलली.

"एकोणीस वर्षांचं काम आहे आमचं. सिल्वियोचं नाव संघातून काढलं तर नगरपालिका, नाट्यगृह, संग्रहालय, एक दार उघडायचं नाही. तुला तेच हवंय ना?"

"त्या म्हाताऱ्याला बघायला गेला होतात?"

"विषय बदलू नकोस."

"मी लिहिलं असतं ना, नेवेंकाबाई, तर खाली सही केली असती." यास्नाने कप बाजूला सरकवला. "आणि वर नाव तुमचं घातलं असतं. 'कायद्यात बसतं ना? मग काढ तो पट्टा.' कोण म्हणालं होतं? मी शेजारच्याच टेबलाशी होते."

नेवेंकाचे कान तापले. "या शहरात तू काम कशी करतेस ते बघते मी."

तिने खरंच बघितलं. त्याच दुपारी यास्नाच्या नव्या मालकाला फोन करून सांगितलं की तुमच्याकडे जी बाई आलीय ती जुन्या मालकांचे कागद बाहेर पोचवते. आठवड्याच्या आत यास्ना घरी बसली.

हे कळलं त्या दिवशी दुपारी जेवताना, सार्डिनचे काटे काढता काढता नेवेंकाने ते नवऱ्याला ऐकवलं.

सिल्वियोचा हात थांबला. "तिला कशाला मध्ये ओढलंस?"

"तुझ्यासाठी. दुसरं कोणासाठी?"

"तिने नाही लिहिलं."

"तू भोळा आहेस. भोळाच राहिलास म्हणून हे दिवस आले."

"फोन कर आणि सांग, चूक झाली म्हणून."

"आधी सुनावणी होऊ दे. मग बघू."

त्याने ताट सरकवलं आणि तो उठला. महिनाभर त्याचं हेच चाललं होतं. टेबलाशी बसायचा, पेन्सिल हातात घ्यायचा आणि कोऱ्या कागदाकडे बघत राहायचा. त्याचे वाकलेले खांदे दिसले की नेवेंकाला त्या निनावी पत्र लिहिणाऱ्याचा गळा दाबावासा वाटे. नाव लिहायची हिंमत नाही आणि दुसऱ्याचा संसार मोडायला निघालेत.

गुरुवारी अकराला सुनावणी होती. बाहेर उत्तरेचं वारं सुटलं होतं, सभागृहाची तावदानं खडखडत होती. नेवेंका मात्र निर्धास्त होती. संघाची नियमावली तिने दोनदा वाचली होती: निनावी तक्रार असेल तर तक्रारदाराने सुनावणीला येऊन सगळ्यांदेखत सही करायची. नाही केली तर प्रकरण तिथेच संपलं. एवढी छाती कोणाची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या रांगेत कोट न काढता बसलेली यास्नाही तिने हेरून ठेवली होती.

समितीच्या अध्यक्ष लुक्शिचबाईंचं आणि नेवेंकाचं कधीच पटलं नव्हतं.

"लेबल नियमात बसतं," नेवेंका उभी राहून म्हणाली. "अक्षरं मोजून घ्या हवं तर."

"मोजलीत. तुम्ही बसा." लुक्शिचबाईंनी फाइल उघडली. "सिल्वियो, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नंतर," सिल्वियो म्हणाला.

"ठीक. तक्रारदार इथे असेल तर त्याने पुढे येऊन सही करावी. नसेल तर मी फाइल बंद करते."

कोणी हललं नाही. नेवेंका अख्खी मागे वळली आणि यास्नाच्या डोळ्यांत डोळे घालून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जा ना. आता का पाय लटपटायला लागले?"

यास्ना जागची हलली नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, पावलं वाजली, तरी नेवेंकाने नजर काढली नाही. मग तिच्या लक्षात आलं की यास्ना तिच्याकडे बघतच नाहीये. पलीकडे बघतेय, समितीच्या टेबलाकडे, आणि तिचा चेहरा पडलाय.

नेवेंका वळली. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. टेबलाशी वाकून सिल्वियो 'तक्रारदार' या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहीत होता.