भिजलेले वाटाणे

नवरा रोज दुपारी सुपाचा एक घोट घेऊन वाटी भिरकावायचा, आणि सूनबाई रोज ठरवायची, बास झालं, उद्या माहेर गाठायचं. पिशवी तर महिनाभर पलंगाखाली भरूनच ठेवलेली. पण सकाळी बघावं तर पातेल्यात वाटाणे नि राजमा टम्म फुगून बसलेले.

"भिजलेलं टाकून कसं जायचं? एवढं सूप करते नि निघते."

सूप व्हायचं, वाटी उडायची, आणि संध्याकाळी तिचाच मेला हात सवयीनं पुन्हा वाटाणे भिजत घालायचा.

आज सकाळी पातेलं पालथं पडलेलं होतं. शेजारी सासूबाई उभ्या होत्या, हातात तिची पिशवी घेऊन.

"वाटाणे मीच फेकले. पळ आता!"

"अहो आई, पण..."

"माझे फेकायला कुणी नव्हतं गं."