समोरच्या कड्यावरची मुलगी

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली सोलापूरच्या गाइड मुलींचं पथक नेपाळच्या डोंगरांत पायी फिरायला गेलं, तेव्हा पथकप्रमुख मालतीबाईंना एकच काळजी होती. नेलेल्या सगळ्या मुली धड परत आणायच्या.

एका दुपारी दरीच्या काठावर जेवणाची पंगत बसली. अक्कम्मा नावाच्या मुलीनं गंमत म्हणून पलीकडच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली, "कोण हाय तितं?"

कड्यावरून उत्तर आलं, "मी हाय की."

मुली खो खो हसल्या. मालतीबाईंना मात्र परमुलखात आपल्याकडची बोली ऐकून भरून आलं.

"कुठली गं तू?" त्यांनी ओरडून विचारलं.

"सोलापूरजवळच्या वळसंगची."

"एकटीच आहेस?"

"व्हय. लई भूक लागलीया, बाई. शेंगाचटणी हाय का?"

"आहे की. ये इकडे," मालतीबाई बोलून गेल्या. मग त्यांचं लक्ष मधल्या दरीकडे गेलं. तिचा तळ ढगांत बुडाला होता, आणि उतरायला वाट कुठंच दिसत नव्हती.

"राहू दे बाळ, नको येऊस," त्या घाईनं म्हणाल्या.

"आले की."

हा आवाज पंगतीतून आला.

मुली सरकल्या. अक्कम्माशेजारी एका जणीपुरती जागा झाली, आणि तिथं कुणीतरी ताटही वाढलं.

"सगळ्यांनी हात मांडीवर ठेवा," मालतीबाई हळूच म्हणाल्या. सगळ्यांनी ठेवले.

त्या रिकाम्या जागेवर कडक भाकरी मोडल्याचा आवाज झाला.