पिंजऱ्याबाहेरची पहिली दुपार

आठ महिन्यांच्या घेवरला आज पहिल्यांदाच पिंजऱ्याबाहेर ठेवून सुवर्णा प्रतापनगरच्या बाजाराला निघाली, पण तिचा त्या कुत्र्यावर भरवसा नव्हता. मागच्याच महिन्यात त्याने सोफ्याची उशी फाडली होती. ती जिन्यातच थांबली. घरातून काहीच आवाज येईना, तसा तिला जास्तच संशय आला. अर्ध्या तासाने तिने हळूच दार उघडलं. एकही वस्तू हललेली नव्हती. घेवर सासऱ्यांच्या बंद खोलीसमोर शांत बसला होता.

"शहाणा झालास रे. उद्यापासून पिंजरा नको," ती त्याला म्हणाली.

खोलीतून भीमरावांचा आवाज आला, "सूनबाई, माझ्या दाराची बाहेरची कडीपण काढशील का? रस्ता मी एकदाच चुकलो होतो."