चालीत बसवलेलं भाषण

"बटणं वरखाली लागलीत," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या कोटाची बटणं तिने पुन्हा सोडली.

"लग्न कुणाचं आहे?" त्याने पुन्हा विचारलं.

"आपलंच. सकाळपासून तिसऱ्यांदा."

तो हसला. तीही हसली. पडद्याआडून सूत्रसंचालकाने घाई करायची खूण केली.

एके काळी हा माणूस बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरला की समोरच्याचं धाबं दणाणायचं. पण डोक्यावर बसलेल्या ठोशांनी आता त्याची स्मरणशक्ती पोखरली होती. साधं भाषण अर्ध्यावर निसटायचं. गाणं मात्र निसटत नसे. हे ध्यानात आल्यावर तिने सगळं भाषणच चालीत बसवलं. रोजची प्रार्थना आटोपली की ती एकेक ओळ म्हणायची, तो मागून म्हणायचा. शाळाशाळांतून, क्लबांतून तो आता तेच गात फिरायचा.

आज मात्र तिचा जीव एकाच खुर्चीत अडकला होता. पहिल्या रांगेत त्यांची लेक बसली होती, मांडीवर ग्लोव्ह्ज घेऊन. संध्याकाळी तिची अंतिम लढत होती. मागच्या लढतीनंतर तिला दोन दिवस एकाचे दोन दिसत होते.

"नको गं खेळूस," आईने सकाळीही विनवलं होतं.

"तुझं ऐकून कान किटले, आई. बाबा म्हणालेत का कधी?"

"आज म्हणतील. ऐकायला तर ये."

त्याने माउथ ऑर्गन ओठांना लावला. मग तो गाऊ लागला.

"हात मोडला, हात जुळला;
डोकं फुटलं, घर विझलं."

मध्येच थांबून तो बोलायचा, तेही त्याच ठेक्यात. "टाळ्या काही घरी येत नाहीत, पोरांनो. घरी मी येतो. आणि दार कुठलं, तेच विसरतो."

मुलं आधी हसली. मग कुणीच हसलं नाही.

शेवटच्या ओळीला त्याचा आवाज खाली आला. नजर पहिल्या रांगेवर थांबली. "माझ्यासारखी होऊ नकोस, पोरी."

ही ओळ बायकोने मुद्दाम घातली होती. पण इतकी पोटातून येईल, असं तिलाही वाटलं नव्हतं.

लेक रडतच पडद्यामागे आली. भाषण संपवून खुर्चीत टेकलेल्या बापापुढे गुडघे टेकून तिने ग्लोव्ह्ज त्याच्या मांडीवर ठेवले.

"जिंकलात, बाबा. नाही खेळत मी. पुन्हा कधीच नाही."

आईने भिंतीला पाठ टेकली. देवाचं नाव ओठांवर आलं.

तो ग्लोव्ह्जकडे बघत राहिला. एक उचलून त्याने चामड्याचा वास घेतला. हळूहळू त्याचे खांदे ताठ झाले. त्याने लेकीचा हात ओढला, ग्लोव्ह चढवला, नाडी दातांत धरून करकचून आवळली. बोटं कुठेही अडखळली नाहीत.

"रडतेस काय, चिमणे? हनुवटी खाली! पहिल्याच फेरीत डोक्यावर घाल तिच्या."

"अहो!" आई पुढे धावली.

वर्षभरात बापाने लेकीला पहिल्यांदाच ओळखलं होतं, तिच्या घरच्या नावाने. चिमणीने मोकळ्या हाताने डोळे पुसले, हनुवटी खाली घेतली आणि तो हातही त्याच्यापुढे धरला.