सात वालांची वाट

अंबूबाईने सारवलेल्या अंगणात वालाचे सात दाणे ओळीने मांडले आणि नवऱ्याला म्हणाली, "हे बघा. आपल्या शेणव्यापास्नं म्हशापर्यंत. सा मुक्काम आन सातवी जत्रा."

देवजी दाण्यांसमोर उकिडवा बसला. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्याने आज जेवता जेवता म्हटलं होतं, की या पौषात म्हशाच्या जत्रेला गाडी जुंपू, चांगले सात-आठ दिवस काढू, मुक्काम तू सांग. अंबूबाईने वालाच्या शेंगा सोलायच्या अर्ध्यावर टाकल्या होत्या.

मुक्काम तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ती सुईण. हाताला गुण, म्हणून पार मुरबाडपर्यंत बोलावणं यायचं. त्या वाटेवरची निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. पण वाट मात्र तिने धड पाहिली नव्हती. बोलावणं यायचं ते नेमकं अडलेल्या वेळी. गाडीत बसायचं, डोळे मिटायचे आणि देवाचा धावा करायचा. एका सालात तर ती ऐन जत्रेत म्हशाला होती, पण बाळंतिणीच्या बंद खोलीत. ढोल ऐकले, जत्रेतला फिरता पाळणा काही दिसला नाही. आणि स्वतःची कूस उजवली नाही ती नाहीच.

"कोळशावर चालनारी मोटार हाय आता मुरबाडला," ती चाचपत म्हणाली.

"मोटार कशाला गो? ती काय आपल्यासाटी थांबते? गाडी कशी, मन व्हईल तिथं सोडावी."

तिला ते बोलणं फार गोड लागलं. ती एकेका दाण्यावर बोट ठेवून सांगू लागली. कुठे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकर मिळेल, कुठल्या घरची पडवी ऐसपैस, कुठे नदीच्या डोहात मासे हाताला लागतात, म्हशाला घोंगड्या कुठल्या रांगेत चांगल्या. पहिला दाणा किन्हवलीच्या कुंडलिकचा होता.

"इथं दोन दिस ऱ्हाऊ," देवजी म्हणाला.

अंबूबाई हरखली. तेच मागावं असं तिच्या मनात होतं, पण जीभ रेटत नव्हती.

"त्याची लेक राही आता केवढी झाली असंल?" त्याने विचारलं.

"पंधरावं सरलं. केस निस्ते कमरंखाली आलेत."

देवजीने मान हलवली आणि दुसरा दाणा उचलून बाजूला टाकला. तिथं म्हणे बैलांना पाणी नाही. सरळगावचा सरस्वतीच्या घरचा ठेवला. चौथा उचलला, कारण त्या घरचा म्हातारा फार बोलतो. पाचवाही उचलला, कारण काय ते धड सांगितलंच नाही. मुरबाडचा जनाच्या घरचा ठेवला. अंबूबाई गालात हसत होती. एवढा हिशेबी माणूस, जत्रेला निघालाय तर असाच निघायचा.

मग त्याने सातवा दाणा उचलला.

"अवो, ती जत्रा!"

"जमलं तर बघू. नायतर मुरबाडहून माघारी फिरू."

तीन दाणे उरले. अंबूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. आधी तिला ती घरं दिसली, मग दारं, मग दारात उभ्या असलेल्या पोरी. उचललेल्या तिन्ही घरी निव्वळ पोरगे होते.

"तुमी पोरी बघाया निघालात," ती म्हणाली.

देवजीने मान खाली घातली, पण दाणे काही परत ठेवले नाहीत. "बावीस वर्सं वाट बघितली गो. वावराला उद्या कोन? आन तूच मागनी घाल. तुला त्या घरांत कोन नाय म्हननार?"

सवत आणतो म्हणाला असता तर ती रडली असती, भांडली असती, शेवटी नांदलीही असती. गावात बाया नांदत होत्याच. पण हा तर केसाने गळा कापत होता, आणि तोही जत्रेचं गोड बोलून. ज्या दारांत तिला आई म्हणत, त्याच दारांत तिच्याच तोंडून.

तिने एक दाणा उचलला. "ही सरस्वती. पायाळू. दीड दिवस झगडले हिच्यासाटी."

दुसरा उचलला. "ही जना. निळी पडली व्हती. तोंडात फुंकर घालून रडवली."

"जाऊ दे गो..."

"आन ही राही." तिने तिसरा उचलला. "हिची आय गेली तवा कुंडलिकनं माझ्या पदरात घातली. मी ती घेऊन ह्या दारात आले. तुमी उंबरा वलांडू दिला नाय. काय म्हनलात तवा?"

देवजी बैलांकडे बघू लागला.

"म्हनलात, परक्याची पोर आपल्या घरात नको. त्याच पावली माघारी नेली मी तिला. रडत व्हती. मग आता ती कोन झाली तुमची?"

अंबूबाईने दोन दाणे त्याच्या पुढ्यात ठेवले, तिसरा, राहीचा, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि उठली. ऊन अजून अंगणात होतं. कुणाचं बोलावणं नसताना, दिवसाउजेडी, ती पहिल्यांदाच किन्हवलीच्या वाटेला लागली.